मुलांच्या कॉलेजची फी आणि दुकानदाराचा टॅक्स: आधी गणित, मग सवलत



व्हिडिओत आकडे भराभर सांगितले, म्हणून इथे निवांत लिहून देतोय. प्रश्न एकच: मुलांच्या कॉलेजची फी भरली, तर टॅक्स वाचतो का?

आधी माझी चूक ऐका. लालबागला दुकान टाकलं तेव्हा धाकट्या भावाची फी मीच भरायचो, गल्ल्यातून. ती मी सरळ दुकानाच्या खर्चात लिहिली. सीएने ती ओळच खोडली. म्हणाला, "हा घरखर्च आहे, धंद्याचा नाही." मग सवलत तरी? तीही नाही. कायद्यात मुलं आहेत, भाऊ नाही.

सवलती दोन आहेत (1961 च्या आयकर कायद्यानुसार)

1. कलम 80सी: दोन मुलांपर्यंत, भारतातल्या कॉलेजची, पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी. डेव्हलपमेंट फी आणि डोनेशन चालत नाही. एलआयसी, पीपीएफ सगळं धरून मर्यादा वर्षाला 1.5 लाख.
2. कलम 80ई: शैक्षणिक कर्जाचं फक्त व्याज, मुद्दल नाही. रकमेला मर्यादा नाही, परदेशी शिक्षणालाही चालतं, पण जास्तीत जास्त 8 वर्षं. कर्ज बँकेचं, वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. मामाकडून घेतलेले उसने पैसे यात बसत नाहीत.

पण थांबा! या दोन्ही सवलती फक्त जुन्या कररचनेत मिळतात. तुम्ही काहीच निवडलं नाही, तर नवी रचना आपोआप लागते.

आता गणित करू (आर्थिक वर्ष 2025-26)

समजा, परळमधल्या एका शिलाईवाल्या ताईंचा वर्षाचा नफा 8 लाख, दुसरं उत्पन्न नाही. मुलीच्या कॉलेजची पावती 1,40,000 ची, त्यात ट्यूशन फी 95,000.

- जुनी रचना, सवलत न घेता: टॅक्स 75,400
- जुनी रचना, 95,000 ची सवलत घेऊन: 55,640
- नवी रचना, काहीही सवलत न घेता: शून्य

बघा, सवलतीने 19,760 वाचले म्हणून ताई खूश होतील, आणि 55,640 उगाच भरून येतील. नव्या रचनेत धंद्याचं 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न रिबेटमुळे करमुक्त आहे. त्याच्या वर कमाई असेल आणि मोठं कर्ज, विमा असं बरंच काही असेल, तरच जुनी रचना तपासून बघा.

दुकानदारांनी इथे खास लक्ष द्या

नोकरदार दरवर्षी रचना बदलू शकतो. आपण नाही. जुन्या रचनेत जायला रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. तिथून नव्या रचनेत परत यायची संधी एकदाच. त्यानंतर धंदा चालू आहे तोवर जुनीचं दार बंद. म्हणून एका वर्षाच्या फीसाठी घाईत फॉर्म भरू नका.

आज करायची तीन कामं

- कॉलेजकडून ट्यूशन फी वेगळी दाखवणारी पावती मागा.
- फी गल्ल्यातून नको, स्वतःच्या खात्यातून भरा.
- दोन्ही रचनांचा टॅक्स कागदावर मांडा आणि तो कागद घेऊनच सीएकडे जा.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत. पुढच्या वर्षी जुने नंबर शोधत बसू नका.

फी भरणं आपलं कर्तव्य आहेच. पण जास्तीचा टॅक्स भरणं नाही!