आधी आराखडा, मग आज्ञावली

घर बांधायचे ठरले की गवंडी लगेच विटा रचू लागत नाही. घरात माणसे किती, पाणी कोठून येणार, हे विचारून आधी आराखडा केला जातो. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. मोठ्या आज्ञावली वेळेत पुऱ्या होईनात आणि त्यांत चुका राहू लागल्या, तेव्हा १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली. 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हे नाव त्या परिषदेमुळे रूढ झाले.

हा विषय नुसता पाठ करून येत नाही. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांना प्रकल्प देतात. समजा, अमरावतीच्या एका गटाला अकोल्याच्या बाजारातील कापसाची हिशेबपट्टी करणारी आज्ञावली तयार करायची आहे. भरलेल्या गाडीचे वजन १४८० किलोग्रॅम आणि रिकामीचे ९६०, म्हणजे कापूस ५२० किलोग्रॅम किंवा ५.२ क्विंटल. भाव क्विंटलला ७००० रुपये धरला, तर शेतकऱ्याला ३६,४०० रुपये मिळायला हवेत.

आता गंमत पाहा. आज्ञावलीत क्विंटलसाठी फक्त पूर्णांकाची जागा ठेवली, तर संगणक ५.२ चे ५ करतो आणि पट्टीवर ३५,००० रुपये छापतो. शेतकऱ्याचे १४०० रुपये बुडाले! संगणक मात्र कोठेही अडला नाही. गटाने बरोबर ५ क्विंटल घेऊन चाचणी केली असती, तर ही चूक सापडलीही नसती.

यावरून प्रकल्पाच्या पायऱ्या ध्यानात येतील. प्रथम काटा करणाऱ्याला आणि शेतकऱ्याला विचारून गरज लिहून काढायची. मग आराखडा, मग आज्ञावली, आणि शेवटी अडचणीचे आकडे मुद्दाम निवडून चाचणी. चूक आराखड्यातच सापडली, तर ती कागदावर खोडता येते. गटागटांत एककेही ठरलेली हवीत. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले. एका गटाची आज्ञावली ब्रिटिश एककांत आकडे देत होती आणि दुसरा गट ते मेट्रिक समजत होता!

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीसाठी आज्ञावली हवी आहे असे समजा. संगणकाला हात न लावता ग्रंथपालांना विचारून तिच्या गरजा लिहा. पुस्तक परत करण्याच्या दिवशी सुट्टी आली तर दंड घ्यायचा का, हेही विचारायला विसरू नका.