पेपरच्या सकाळी पोट का दुखतं?

"घरी सगळं येतं, पेपरच्या दिवशी मात्र पोट धरून बसते. डॉक्टर म्हणतात, काहीच नाही." नांदगाव पेठेतल्या पालकांची ही तक्रार नवी नाही. लेक नाटक करते, असा संशयही त्यात असतो. तो आधी काढून टाका.

धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. ॲड्रेनलिन क्षणात रक्तात उतरतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं. मग पोहे घशाखाली उतरणार कसे? मागून कॉर्टिसॉल येतं आणि ते बराच वेळ रेंगाळतं. समोर मेळघाटातला वाघ असो की 'नीट'चे 180 प्रश्न, शरीराची तयारी एकच.

काही तासांचा हा ताण उपयोगीच. लक्ष जागेवर राहतं. घोळ होतो तो ताण उतरला नाही की. हान्स सेली या शास्त्रज्ञांनी उंदरांना कधी थंडीत ठेवलं, कधी दमेपर्यंत पळवलं. त्रास कुठलाही असो, अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या आणि जठरात व्रण! हे त्यांनी 1936 मध्ये मांडलं.

आपल्याकडे काय चालतं? कॉलेज, मग अमरावतीची शिकवणी, अंधार पडल्यावर परत, जेवण आणि पुन्हा पुस्तक. 'अभ्यास वाढवायचा' म्हटलं की पहिली कात्री झोपेला. खरं तर दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. शिकवणीची फी भरली म्हणून मुलांच्या झोपेवर आपला हक्क होत नाही. दुसरी कात्री खेळाला. ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथं संध्याकाळचं मैदान म्हणजे टाइमपास ठरावं, याला काय म्हणावं!

विद्यार्थ्यांनो, पेपर हातात पडल्यावर काही सुचेना झालं तर पेन खाली ठेवा. श्वास घेतला त्याहून सावकाश सोडा, असं चार-पाच वेळा. ठोके उतरतात, मग सोप्या प्रश्नाला हात घाला.

पालकांनो, पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच "किती पडतील?" विचारू नका, आधी जेवू द्या. पण झोप उडाली, जेवण सुटलं, पोरगं बोलेनासं झालं आणि पंधरा दिवसांत फरक नाही, तर पुढच्या परीक्षेची वाट पाहू नका. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा निघाली, तर पंधरा दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.