वणांवरील प्रकाशोपचार

आमच्या वर्गातील एक मुलगी उजवा हात सदैव ओढणीखाली झाकून बसते. गेल्या वर्षी उकळते पाणी सांडून तिचे मनगट भाजले. जखम भरली, परंतु मागे लाल, ताठ व खाजणारा वण राहिला. "सर, लेसरने हा जाईल ना?" असे तिच्या वडिलांनी विचारले, तेव्हा आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या निमित्ताने जो अभ्यास घडला तो येथे मांडीत आहोत.

प्रथम वण कोणता, हे पाहावे. फुगीर वण मूळ जखमेच्या मर्यादेतच राहतो व पुष्कळदा कालांतराने बसतो. केलॉइड मात्र मर्यादा ओलांडून वाढतो. कान टोचल्यावर पाळीला येणारी गाठ बहुधा हीच.

लेसर हे काही एकाच उपायाचे नाव नव्हे. प्रकाशाचा प्रत्येक रंग सर्वच पदार्थ सारखा शोषीत नाहीत. योग्य रंगाचा अत्यल्पकाळाचा झोत टाकल्यास नेमके तेवढेच लक्ष्य तापते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी 1983 साली मांडले. पल्स्ड डाय लेसरचा 595 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्त शोषून घेते. म्हणून लाली व खाज यांवर तो उपयोगी. कार्बन डायऑक्साइड लेसरची 10,600 नॅनोमीटरची अदृश्य किरणे पाणी शोषते. ती सूक्ष्म छिद्रांच्या रूपाने सोडली, तर मधली अस्पर्श त्वचा जखम लौकर भरून काढते आणि भाजल्याचा कडक वण मऊ पडतो. हा लेसर 1964 साली शोधणारे कुमार पटेल बारामतीस जन्मले व पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, हे विद्यार्थ्यांस सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो.

आयपीएल हा लेसर नव्हेच. तो दिव्याचा अनेकरंगी झोत असून चाळणी लावून वापरतात. येथे आपल्या सावळ्या वर्णाची अडचण येते. त्वचेतील मेलॅनिन हा प्रकाश आधीच शोषते. मग फोड येतात, काळे डाग उमटतात. पिवळ्या लेसरलाही हा धोका आहेच. 1064 नॅनोमीटरच्या लेसरला तो कमी. म्हणून शक्ती कमी ठेवावी, त्वचा थंड राखावी, व आधी लहानशा जागी परीक्षा घ्यावी. ब्यूटी पार्लरमध्ये हा प्रयोग करून घेणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

केलॉइड लेसरने नुसता कापून काढला तर तो पुष्कळदा पुन्हा उगवतो. त्यास स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची जोड लागतेच. "एका बैठकीत साफ" म्हणणाऱ्यास पैसे देण्यापूर्वी हे अवश्य विचारावे. सिलिकॉनची पट्टी व दाबपट्टी हे साधे उपायही विसरू नयेत. सांधाच आखडला असेल तर आधी शल्यचिकित्सकाकडे जावे.

मुलीच्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले, की वण पुसला जाणार नाही. परंतु काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका झाल्यास लाली व खाज उतरेल, मनगट मऊ होऊ शकेल. पुढच्या सोमवारी ते तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेणार आहेत.