सहीआधी एक फेरी मार

अगं, इलेक्ट्रिशियनचं आयटीआय झालं आणि आता अप्रेंटिसशिप कुठे करू म्हणून झोप उडालीय ना तुझी? खरं सांगू का, कंपनी मोठी की छोटी हे नंतर. तिथे शिकवणारं कोणी आहे का, ते आधी बघ.

तू अलोऱ्याची, तुला वीजघराचं काय कौतुक! कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचे ८० मेगावॅटचे चार संच तुमच्या शेजारीच. पण यंत्र मोठं म्हणून शिकायला जास्त मिळतं, असं नसतं बघ. लोट्याच्या कारखान्यांचंही तेच. गेटवरच्या पाटीला भुलू नकोस. गेल्या वर्षी तिथे शिकलेली एखादी मुलगी गाठ आणि विचार: पॅनेलला हात लावू दिला, की वर्षभर झाडू आणि चहाच? चुकलं तर समजावणारा सुपरवायझर होता का? सेफ्टी शूज, हातमोजे मिळाले? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे? लाजू नकोस गं. भेंडीसुद्धा आपण टोक मोडून घेतो, इथे तर तुझं अख्खं वर्ष आहे.

मग कागद. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. "नोंदणी नंतर करू" म्हणाले, तर सरळ उठून ये. कराराची प्रत मागून घे. आणि माझ्यासारखी 'नीट जागी' ठेवू नकोस, ती जागा मला अजून आठवत नाही! २०१९च्या नियमांत आयटीआयवाल्यांना महिना किमान ७,००० रुपये स्टायपेंड ठरला होता; आत्ताचा आकडा विचारून घे, त्याखाली सही नको. पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवेत. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. मात्र वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं, तेव्हा तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

रुजू झालीस की रोज काय केलंस ते वहीत लिही, सुपरवायझरची सही घे. त्या सल्लागाराला कारखान्यात येऊन तपासणी करायचा, तुम्हा मुलांशी बोलायचा अधिकार आहे. त्याच्यासमोर तुझी वही उपयोगी पडेल. काही खटकलं तर आधी चिपळूणच्या आयटीआयत जाऊन सांग, मनात कुढत बसू नकोस.

घाबरलीस? अगं, मोटर वाइंडिंग जमलं तुला, चार प्रश्न विचारणं काय अवघड! सोमवारी मैत्रिणीला घे आणि वीजघर, लोटे अशा दोन्ही ठिकाणी जाऊन ये. सही मात्र त्याच दिवशी करायची नाही, सांगून ठेवते.