फुगा, पातेलं आणि मारुती ८००

मेसमध्ये जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधी जे प्रश्न निघतात त्यातले बरेचसे फालतू असतात, पण एखाददुसरा भारी निघतो. संपादक मंडळाने ह्या अंकासाठी "काहीतरी टेक्निकल, पण मराठीत" मागितलं, म्हणून त्यातले तीन इथे देते आहे. मी कॉन्व्हेंटची. बॉयन्सीला मराठीत उत्प्लावन बल म्हणतात हे मला फर्स्ट इयरला रूममेटने सांगितलं (ती झेडपीच्या शाळेतली, आणि फिजिक्समध्ये आमच्या सगळ्यांच्या पुढे). तेव्हा भाषेत इंग्रजी घुसलं तर सांभाळून घ्या. गणितात काही खटकलं तर मात्र सरळ रूमवर या.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. जत्रेत मिळतो तसला गॅसचा फुगा दोऱ्याने सीटला बांधलाय, गाडीच्या काचा बंद आहेत. ड्रायव्हरने जोरात ॲक्सिलरेटर दाबला. फुगा कुठे जाईल? मेसमधल्या दहापैकी नऊ जण "मागे" म्हणतात, कारण आपण स्वतः मागे ढकलले जातो. फुगा जातो पुढे! गाडीतली हवासुद्धा आपल्यासारखीच मागे राहू पाहते, मागच्या काचेपाशी तिचा दाब जरासा वाढतो आणि पुढे कमी होतो. फुगा हवेपेक्षा हलका, म्हणून तो कमी दाबाकडे सरकतो. एरवी तो वर जातो तेही ह्याच कारणाने. ब्रेक मारला की फुगा मागे येतो, आणि गाडी डावीकडे वळली की तोही डावीकडेच झुकतो.

फुगा नसेल तर पाण्याची बाटली घ्या. थर्माकोलचा गोळा दोऱ्याने झाकणाला आतून बांधा, बाटली काठोकाठ भरून झाकण लावा आणि उलटी धरा. गोळा वर तरंगत राहील. एसटीत बसल्यावर तो ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला गाडीचं त्वरण. कोनाचं टॅन घेऊन ९.८ ने गुणलं की त्वरणाचा आकडाही मिळतो. २७ अंश झुकला तर ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ड्रायव्हरने चांगलाच कचकावून ब्रेक मारलाय.

दुसरा प्रश्न जुना आहे. बादलीत स्टीलचं पातेलं तरंगतंय, त्यात १ किलोचा दगड. दगड उचलून बादलीतच बुडवला तर पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? कमी होते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, बुडालेली फक्त आपल्या आकारमानाइतकं. पातेल्यात असताना तो दगड १ लिटर पाणी सारत होता. आपल्या काळ्या दगडाची घनता साधारण २.९, म्हणजे बुडाल्यावर तो जेमतेम ३४५ मिली सारतो. ३० सेमी व्यासाच्या बादलीत पातळी जवळपास ९ मिमी उतरते. पट्टी लावून बघा, बाथरूममध्ये लाईन नसेल तेव्हा.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. पातेल्याच्या जागी मारुती ८०० ठेवा.

गेल्या जुलैत आपल्याच होस्टेलची चार मुलं घरून येताना कॉलेजच्या अलीकडच्या फरशी पुलावर अडकली, हे बहुतेकांना माहीत आहे. पाणी गुडघ्याच्या जरा खाली होतं, पुढे एसटी आरामात निघून गेली, म्हणून ह्यांनीही गाडी घातली. मध्यावर आल्यावर स्टेअरिंग एकदम हलकं झालं आणि मागची बाजू आपोआप वळायला लागली. कडेच्या खांबाला गाडी टेकली म्हणून ते आज मेसमध्ये आपल्याबरोबर जेवतात.

हिशोब करू. ती गाडी २०१४ मध्ये बनायची बंद झाली, पण गावाकडे अजून पुष्कळ दिसतात. वजन साधारण ६५० किलो, चार जण आणि बॅगा धरून ९००. लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर. चाकांची जागा आणि कोपरे सोडले तर खालच्या पत्र्याचं क्षेत्रफळ अंदाजे ४ चौरस मीटर. पत्रा रस्त्यापासून १७ सेमी वर. पाणी पत्र्याला टेकलं की पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला ४० लिटर पाणी सारलं जातं, म्हणजे गाडी ४० किलोने "हलकी" होते. ९०० किलो संपायला साडेबावीस सेमी पुरतात. १७ मिळवा : ४० सेमी. गुडघाभर पाण्यात चार माणसांसकट गाडी तरंगते!

"पण आत पाणी शिरतंच ना?" हा प्रश्न नेहमी येतो. शिरतं, पण दारांना रबर असतं, त्यामुळे हळूहळू शिरतं. पूल ओलांडायला लागतं एक मिनिट. तेवढा वेळ गाडी म्हणजे पातेलंच.

आणि वाहून जायला पूर्ण तरंगायचीही गरज नसते. टायर रस्त्याला धरून राहतो तो घर्षणाने, घर्षण उरलेल्या वजनावर. ३० सेमी पाण्यात ५२० किलो गेले, उरले ३८०. गाळ असलेल्या ओल्या फरशीवर घर्षणांक ०.४ धरला तर पकड १५२ किलोची. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने आडवं येत असेल (आपण भरभर चालतो त्याहून थोडं जास्त) तर बुडालेल्या अर्ध्या चौरस मीटर बाजूवर साधारण १०० किलोचा रेटा. गाडी टिकली. आता पाणी फक्त ५ सेमी वाढवा. उरलं वजन १८०, पकड ७२, रेटा १३०. गेली. किंवा पाणी ३० च ठेवा आणि वेग ३ करा. रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, २२५ होतो. तरीही गेली. हे सगळे आकडे ढोबळ आहेत, पण टिकणं आणि वाहणं ह्यात चार बोटांचं अंतर आहे आणि ते गढूळ पाण्यात दिसत नाही, एवढं त्यातून कळतं. मागची बाजू आधी का वळली हेही कळतं. इंजिन पुढे, म्हणून शेपूट आधी उचललं जातं.

एसटी का गेली? तिचा पत्रा खूप वर असतो आणि वजन टनांत, त्यामुळे तेवढ्या पाण्यात ती फारशी हलकी होतच नाही. एसटीमागे जाणं म्हणजे उंट पार झाला म्हणून शेळीने उतरणं. आणि पाणी वाढलं की उंटही जातो. २८ सप्टेंबर २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून एसटी वाहून गेली.

दाराचाही हिशोब त्या मुलांना करून दाखवला. दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर पाणी बाहेर चढलं आणि आत कोरडं असलं, तर ८० सेमी रुंद दारावर १०० किलोचा दाब बसतो. ७० सेमी पाण्याला जवळपास २०० किलो. बसल्या जागेवरून ते उघडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं गाडीतच अडकून गुदमरून गेली. म्हणून दाराशी झटापट न करता आधी काच खाली घ्यायची, तीही लगेच, कारण पॉवर विंडो असेल तर ती पाण्यात किती वेळ चालेल ह्याचा भरवसा नाही. फोडायची वेळ आली तर बाजूची काच, कोपऱ्यात टणक वस्तूने. समोरची काच थरांची असते, तडे जातात पण निघत नाही. आपली मुलं निघाली ती काचेतूनच, कारण त्या गाडीला हँडल फिरवायची काच होती.

सिव्हिलच्या थर्ड इयरच्या मुलांनी परवानगी घेऊन त्या पुलाच्या दोन्ही टोकांच्या खांबांवर पट्टे रंगवलेत. लाल पट्टा १५ सेमीवर आहे, म्हणजे पाणी पत्र्याला टेकायच्या आधीच. तो दिसत नसेल तर वरच्या फाट्याने या. अकरा किलोमीटर जास्त पडतात. रेक्टर सरांनी त्या दिवशीचा लेटमार्क माफ करायचं तोंडी कबूल केलंय, लेखी अजून मिळायचं आहे.