चित्र का थांबले? बिघाड शोधण्याची शिस्त

घरातील एखादे उपकरण बंद पडले की दोन उद्गार हटकून ऐकू येतात. पहिला, "जळलं वाटतं!" आणि दुसरा, "आता नवीनच आणा." नाडी न पाहता औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे आपण पुन्हा जाणार नाही, यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण निदानाच्या आधीच उपचार ठरवून मोकळे होतो. त्यामुळे चांगले यंत्र भंगारात जाते आणि खरा दोषी जागच्या जागी राहतो. टीव्हीला जोडलेल्या एका छोट्या संगणकाचे उदाहरण घेऊन बिघाड पद्धतशीरपणे कसा शोधावा, ते या लेखात पाहू. त्यासाठी दहावीपर्यंतचे विज्ञान पुरेसे आहे.

तळहातावरचा संगणक

रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीस आला. विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावे, हा त्यामागचा हेतू होता. सुमारे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद अशा एकाच सर्किट बोर्डावर प्रोसेसर, मेमरी आणि टीव्ही, यूएसबी यांच्या जोडण्या सामावलेल्या असतात. सारे प्रोग्रॅम नखाएवढ्या मेमरी कार्डवर साठवतात. त्यावर कोडी हा विनामूल्य प्रोग्रॅम घातला, की घरातील चित्रपट, गाणी, छायाचित्रे टीव्हीवर पाहता येतात. कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिला गेला. आजचे नाव त्याला २०१४ मध्ये मिळाले. पुण्यात असे सुटे सामान घ्यायचे तर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची वाट अनेकांच्या पायाखालची आहे.

या साऱ्या मांडणीकडे एक साखळी म्हणून पाहा : अ‍ॅडाप्टर, त्याची केबल, बोर्ड, मेमरी कार्ड, प्रोग्रॅम, चित्रपटाची फाइल असलेली डिस्क, एचडीएमआय केबल आणि टीव्ही. कड्या आठ. एकही निसटली तरी चित्र थांबते. आठही कड्या एकेक करून तपासत बसण्याची मात्र गरज नसते. कोडीची यादी टीव्हीवर नीट दिसते का, एवढेच आधी पाहा. दिसत असेल, तर टीव्ही, एचडीएमआय केबल, बोर्ड व कार्ड यांच्यावरचा संशय एका प्रश्नातच बराच कमी होतो. प्रत्येक प्रश्नाने निम्म्या कड्या वगळता आल्या, तर आठांतून चार, चारांतून दोन आणि दोहोंतून एक, असे तीन प्रश्नांत उत्तर मिळते.

दोन नियम

पहिला नियम : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. केबल, अ‍ॅडाप्टर आणि कार्ड एकदम बदलले आणि चित्र दिसू लागले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे : ज्या कृतीतून मागे फिरता येते, ती आधी करावी, जिच्यातून मागे फिरता येत नाही, ती सर्वांत शेवटी. केबल बदलली तर ती पुन्हा पहिल्यासारखी लावता येते. डिस्क फॉरमॅट केली, तर तिच्यावरील चित्रणे परत मिळण्याची खात्री नसते.

एक उदाहरण

असे समजा, की कसबा पेठेतील एका घरी आजोबांच्या कीर्तनांची चित्रणे जुन्या व्हिडिओ कॅसेटांवरून उतरवून एका छोट्या डिस्कवर ठेवली आहेत. कॅसेटांना बुरशी लागल्याने त्या टाकून दिल्या; दुसरी प्रत कोठेच नाही. रास्पबेरी पाय एरवी उत्तम चालतो. ती डिस्क यूएसबीला जोडली, की मात्र डिस्कमधून टक् टक् आवाज येतो, टीव्हीचा पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. घरातील कोणीतरी म्हणते, "डिस्क बिघडली. फॉरमॅट करून बघा."

थांबा! हीच ती परत न फिरता येणारी कृती. आवाज डिस्कमधून येतो हे खरे. पण बिघाड जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही. डिस्कला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नाही. तिला लागणारी वीज बोर्डामार्फत त्याच एका केबलमधून येते. म्हणून आधी केबलची चौकशी करू.

ओमचा नियम काय सांगतो?

तारेचा रोध तिच्या लांबीच्या समप्रमाणात आणि काटछेदाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे तुम्ही शिकला आहात. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. आपली केबल दीड मीटर लांब असून आतील वीजवाहक तारेचा काटछेद केवळ ०.०८ चौरस मिलिमीटर आहे असे धरू. वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी ३ मीटर धरावी लागेल. हिशोब केला तर रोध सुमारे ०.६४ ओहम येतो.

अ‍ॅडाप्टर ५.१ व्होल्ट देतो. नुसता बोर्ड ०.६ अँपिअर घेत असेल, तर केबलमध्ये ०.६ × ०.६४ म्हणजे सुमारे ०.३८ व्होल्ट खर्ची पडतात. बोर्डाला ४.७२ व्होल्ट मिळतात आणि काम चालते. आता डिस्क जोडली. तिची मोटर फिरू लागताना आणखी ०.९ अँपिअर लागतात असे समजा. एकूण प्रवाह १.५ अँपिअर झाला, केबलमधील घट ०.९६ व्होल्ट झाली आणि बोर्डाला उरले जेमतेम ४.१४ व्होल्ट!

रास्पबेरी पायच्या बहुतेक बोर्डांवर दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली आला, की पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या पिवळ्या लोळाची खूण दिसते. ती शोभेची नाही. ती संगणकाची तक्रार आहे. दाब पुरेसा नसल्याने डिस्कची मोटर वेग घेते, अडते आणि पुन्हा प्रयत्न करते. टक् टक् आवाजाचे एक कारण हेही असू शकते.

आता केबल बदलू : लांबी एक मीटर, काटछेद ०.२ चौरस मिलिमीटर. जाण्यायेण्याच्या दोन मीटरचा रोध ०.१७ ओहम. तोच १.५ अँपिअर प्रवाह वाहिला, तरी घट केवळ ०.२६ व्होल्ट; बोर्डाला मिळतात ४.८४ व्होल्ट. डिस्क शांतपणे फिरू लागते आणि कीर्तन सुरू होते. बिघडलेली डिस्क नव्हतीच; अशक्त होती ती केबल. रास्पबेरी पाय ३ आणि ४ यांच्यासाठी उत्पादकांनी दिलेले अ‍ॅडाप्टर नेमक्या ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे का असतात, तेही आता ध्यानात येईल. वाटेतील घटीची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. जाड केबलनेही भागले नाही, तर स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालावा.

मात्र पुरेशी वीज मिळूनही टक् टक् थांबली नाही, तर डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करू नका. तेव्हा दोष खरोखरच डिस्कमध्ये असू शकतो आणि प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढते. आतील चित्रणे मोलाची असतील, तर ती जाणकाराकडे सोपवावी.

उन्हाळ्यातच का अडखळतो?

काही घरी संगणक दिवाळीत सुरळीत चालतो आणि एप्रिलमध्ये अडखळतो. येथे उष्णतेचा हिशोब मांडावा. प्रोसेसर आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो असे धरा. खोलीत २० अंश सेल्सियस असताना तो ६५ अंशांवर राहील. पुण्याच्या उन्हाळ्यात खोली ३८ अंशांवर गेली, की तो ८३ अंशांवर पोचेल. ८० अंशांच्या पुढे गेला, की रास्पबेरी पाय स्वतःला जपण्यासाठी आपली गती कमी करतो आणि चित्र तुटक दिसू लागते. कोडीच्या माहितीच्या पानावर प्रोसेसरचे तापमान वाचता येते. बंद कपाटातून संगणक बाहेर काढा आणि पुन्हा वाचा. प्रयोग फुकटचा आहे आणि त्यातून मागेही फिरता येते.

एकच चित्रपट अडत असेल आणि बाकीचे नीट चालत असतील, तर वीज व उष्णता यांना बहुधा दोष देता येणार नाही. चित्रपटाच्या फाइली निरनिराळ्या पद्धतींनी संक्षिप्त केलेल्या असतात. एचईव्हीसी ही पद्धत उलगडणारे खास सर्किट रास्पबेरी पाय ४ मध्ये आहे; पाय ३ मध्ये ते नाही. त्यामुळे तीच फाइल एका बोर्डावर सहज चालते आणि दुसऱ्याची दमछाक करते.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन

चित्रपटाखालील मराठी ओळी, म्हणजे सबटायटल, बिघडल्या तर त्या कशा बिघडल्या हे बारकाईने पाहा. अक्षरागणिक रिकामा चौकोन दिसत असेल, तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, फाँट बदलावा. चौकोनांऐवजी परकी चिन्हे दिसत असतील आणि ती मूळ अक्षरांच्या सुमारे तिप्पट असतील, तर दोष संकेतनाचा आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. संगणकाने ती पद्धत ओळखली नाही, तर तो तीन बाइटांची तीन निराळी चिन्हे दाखवतो. सेटिंगमध्ये युटीएफ-८ निवडले, की ओळी सुधारतात.

या विषयाशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणणारे जिस्ट तंत्र पुढे नेले. त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले. आजच्या युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे.

दुसरी प्रत

मेमरी कार्डवर लेखन चालू असताना वीज गेली किंवा कोणी प्लग उपटला, तर अर्धवट लिहिलेली माहिती विस्कटते आणि पुढच्या वेळी संगणक सुरूच होत नाही. म्हणून आधी पडद्यावरील सूचनेने संगणक बंद करावा आणि मगच बटण बंद करावे. सर्व काही ठीक चालत असतानाच कार्डाची संपूर्ण नक्कल काढून ठेवावी. संशय आला, तर दुसऱ्या कार्डवर ती नक्कल घालून पाहता येते आणि मूळ कार्ड तसेच राहते.

एकुलत्या एका प्रतीवर विसंबणे किती महागात पडते, हे पुण्याने पाहिले आहे. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ मध्ये येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. डिस्क तशी पेट घेत नाही. पण तीही आज ना उद्या बंद पडतेच. म्हणून आपल्या उदाहरणातील घरी जाड केबल लावल्यावर पहिले काम कोणते? कीर्तन ऐकणे नव्हे, तर दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत काढणे आणि ती दुसऱ्या घरी ठेवणे.

करून पाहा

१. यूएसबी मीटर बोर्डाच्या रिकाम्या यूएसबी खाचेत लावा. डिस्क नसताना आणि डिस्क सुरू होताना व्होल्ट नोंदवा. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. २३० व्होल्टवर चालणारा अ‍ॅडाप्टर कदापि उघडू नका.

२. केबलची लांबी दुप्पट केली आणि काटछेदही दुप्पट केला, तर रोधात काय फरक पडेल?

३. शाळेतील एखादे बंद उपकरण निवडा. त्याच्या कड्यांची साखळी वहीत काढा. प्रत्येक चाचणीपुढे लिहा : "मागे फिरता येईल" किंवा "येणार नाही". मग चाचण्यांचा क्रम ठरवा. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी हा क्रम शिक्षकांना दाखवा.