पंचेचाळीस टक्के हृदय?

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. आभा अ‍ॅपवर टूडी इकोचा रिपोर्ट आला. ‘ईएफ ४५ टक्के’ वाचून ते हबकलेत. हृदय निम्मंच चालतंय का?

उत्तर : नाही हो! डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, ते ईएफ. धडधाकट माणसाचंही ते शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. जुने इको शेजारी ठेवून बघा. ३५ वरून ४५ झालं असेल तर पेढे वाटा (वडिलांना मात्र साखर बघून). चार-पाच अंकांचा फरक तपासणाऱ्याच्या नजरेचाही असतो. अँजिओप्लास्टी झाल्यावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र ७० च्या खालीच हवं. लॅबच्या छापील ‘१०० पर्यंत नॉर्मल’वर विसंबू नका. जुने कागद अ‍ॅपमध्ये आपोआप येत नाहीत, फोटो काढून चढवा.